लाल शालीखालचे पंख

मी, माख्टेल्ड देर्क्स, दिवंगत चित्रकार गोव्हर्ट हाल्मा यांची पत्नी, वय वर्षे अडुसष्ट, राहणार हेग, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि दिवसाउजेडी लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, परंतु कायद्याला माझ्या गुडघ्यांशी काही कर्तव्य नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेले नाही. भुलवायचा प्रयत्न पुतण्याने केला, तो फसला. खुलासा कलम चारमध्ये. याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

नोटरी लाम्बर्ट यांनी मला एक नमुना आणून दिला आणि बजावलं, "बाई, कोणाला काय, एवढंच लिहायचं. का, ते लिहायचं नाही."

मी म्हटलं, "का ते लिहिलं नाही तर लोकांना पटणार कसं?"

"पटायची गरज नसते. तुम्ही तेव्हा नसता."

नेमकं तेच तर. मी नसणार, म्हणून तर लिहून ठेवायचं. तेव्हा असं ठरवलंय की प्रत्येक कलमाची पहिली ओळ लाम्बर्टसाहेबांच्या भाषेत लिहीन आणि पुढचं माझ्या. ज्याला पुढचं वाचायचं नसेल त्यानं पहिल्या ओळीवर थांबावं.

आणि एक आधीच सांगून टाकते. हे सगळं मृत्युपत्र एका फळीसाठी आहे. ओकच्या लाकडाची, हातभर उंच, माळ्यावरच्या चित्रशाळेत उत्तरेच्या खिडकीशेजारी टांगलेली. तिच्यावर एक बाळ आईच्या अंगावर पीत आहे. ती योग्य हातात पडली की मी सुखानं डोळे मिटले. बाकीची कलमं म्हणजे तिच्याभोवती गुंडाळलेला पेंढा समजा.

कलम पहिले. माझे दफन माझ्या पतीशेजारी, त्यांच्या उजव्या अंगास करण्यात यावे.

जन्मभर मी त्याच अंगाला झोपले. त्यांच्या घोरण्यानं माझा डावा कान कामातून गेला. आता उरलेला एक वाचवावा म्हणते. दफनाला येणाऱ्यांना खारवलेली हेरिंग मासळी, काळा पाव आणि चांगली दाट बिअर द्यावी. गेल्या साली पलीकडच्या घरी पाणचट बिअर वाढली, आणि लोक मेलेल्या माणसाला नावं ठेवत घरी गेले. मला माझ्या कर्तृत्वावरून नावं ठेवलेली चालतील, बिअरवरून नकोत.

कलम दुसरे. कपड्यांचे मोठे कपाट, त्यातील चादरी व टेबलावरची वस्त्रे, आणि पाय शेकायची पेटी माझी मोलकरीण बार्ट्ये हिला द्यावी.

बार्ट्येनं चौदा वर्षं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि जेवढं ऐकलं तेवढं परत ऐकवलं. तेव्हा तिचं-माझं बरोबरीत सुटलं, कपाट हे वरकड. तिनं लग्न करावं नाहीतर करू नये, तिची मर्जी. पण कपाटाची किल्ली सासूच्या हाती देऊ नये.

कलम तिसरे. चित्रशाळेतील माणसाच्या उंचीची सांध्यांची लाकडी बाहुली रोएनब्रूक यांच्या घरी पोहोचती करावी.

ही थट्टा नाही. तिचा त्या घरावर हक्क आहे. त्यांच्या दिवाणखान्यात दिवंगत बाईसाहेब हेन्रिका फान रोएनब्रूक यांचं करुणामातेच्या रूपातलं जे मोठं चित्र आहे, त्यात खांद्यापासून टाचेपर्यंत हीच बसलेली आहे.

आमच्या उमेदीच्या काळात प्रत्येक घरंदाज बाईला करुणामाता व्हायचं असे. छाती उघडी, एक मूल अंगावर पीत असलेलं, एक गुडघ्याशी, एखादं झग्याला धरून. आणि जी मुलं देवाघरी गेलेली असतील ती वर ढगात, पाठीला पंख लावून, म्हणजे घरातलं कोणी मोजायचं राहत नाही. यजमानांनी आणि मी मिळून अशा तेवीस करुणामाता काढल्या. त्या तेवीसजणींत स्वतःच्या पोराला अंगावर पाजलेली एकही नव्हती. त्या कामाला घरात दूधआई असायची. चित्रापुरतं आईपण, बाकी पगारी.

बाईसाहेब दोनदा येऊन तासतासभर बसत. तेवढ्यात गोव्हर्ट चेहरा उरकून घेत. मग साटीनचा झगा पेटीतून येई. तो या बाहुलीच्या अंगावर घालून मी अकरा-अकरा आठवडे त्याच्या चुण्या रंगवी. हात कोणाचे, छाती कोणाची, मूल कोणाचं, हे विचारायची रीत नव्हती. चेहरा सोडून सगळं माझ्या हातचं आणि खाली सही गोव्हर्टची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. होती, पण ती मी त्यांच्या हयातीतच रोज जेवताना वाढून संपवली.

कलम चौथे. माझे राहते घर, माळ्यावरील चित्रशाळा, कुंचले, चित्र टेकवायच्या घोड्या आणि रंग वाटायचा पाटा-वरवंटा यांसह, पुतण्या योरिस हाल्मा यास पुढील अटीवर द्यावे.

अट अशी: रोएनब्रूकांच्या त्याच चित्रात, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पाठीवर जे पंख हल्ली वर यायला लागले आहेत, त्यांवर योरिसनं कुंचला चालवायचा नाही. स्वतः नाही, शिकाऊ पोरांकडूनही नाही. चालवला, तर घर शहरातल्या अनाथ मुलांच्या कामी जाईल आणि योरिसला मिळेल तो नुसता वरवंटा.

महिन्यापूर्वी तो उड्या मारतच जिना चढून आला.

"काकू, बसा. आनंदाची बातमी आहे."

"बसलेलीच आहे. बोल."

"रोएनब्रूकांच्या फ्लोरिससाहेबांनी बोलावलं होतं. त्यांच्या आईची ती करुणामाता आहे ना, त्यात बाळाच्या पाठीवरच्या लाल शालीतून काहीतरी पांढरं उमटायला लागलंय. मी शिडी लावून पाहिलं. पंख आहेत काकू! चांगले मोठे. धाकट्या बाईसाहेबांना दिवस गेलेत, त्या घाबरून त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत."

"मग?"

"मग काय, जाड लाल हिंगूळ मारून बुजवून टाकतो. आणि हो, गेल्या शरदात साहेब इथं आले होते तेव्हा त्यांनी ती खिडकीजवळची फळी पाहिली होती. त्यांचं लहानपणीचं चित्र. ती त्यांना हवीय. मी हो म्हणून आलो."

"कोणाला विचारून?"

"अहो, त्यांचंच तर तोंड आहे! साहेब स्वतः म्हणाले, हा मीच."

"सात महिन्यांचे असताना आपण कसे दिसत होतो हे साहेबांना आठवतं वाटतं? मोठी स्मरणशक्ती म्हणायची."

तो हसला. मग माझा हात हातात घेतला, गोड आवाजात माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास करून घेता? तुमच्यामागं मी सगळं व्यवस्थित बघेन." तेव्हाच मी ओळखलं की माझ्यामागं हा फळी काखेत मारून थेट रोएनब्रूकांच्या दारात उभा राहणार. वाईट नाही पोरगा. कामाला चोख आहे. पण मोठ्या घरचं बोलावणं आलं की त्याचा कणा लोण्याचा होतो, अगदी काकांसारखा.

योरिस, पुढचं कलम तुझ्यासाठीच आहे. उभ्यानं वाचू नकोस.

कलम पाचवे. वर सांगितलेली ओकची फळी हिल्ले यान्स, राहणार वाळूच्या टेकड्यांमागची मासेमारांची वस्ती, हिला द्यावी. कारण तीवरील बालक तिचा मुलगा वाउटर आहे, अन्य कोणी नव्हे.

तेहतीस वर्षांपूर्वीचा हिवाळा. हेन्रिका बाईसाहेबांची दोन मुलं आधीच गेलेली होती, एक चार वर्षांची मुलगी होती आणि तान्हा फ्लोरिस. गेलेल्या दोघांचे चेहरे बाईसाहेबांनी मला तोंडी सांगितले. "मोठ्याच्या हनुवटीला खळी होती. नाही, एवढी खोल नाही. कमी करा." तासभर मी पुसत होते आणि त्या सांगत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आता मलाच नीट आठवत नाही." हे मी मुद्दाम लिहिते. त्या दगड नव्हत्या. पुढचं वाचताना कोणी त्यांना राक्षसीण ठरवू नये.

अंगावर पिणाऱ्या बाळासाठी त्या म्हणाल्या, "छातीला आमची हिल्ले घ्या. नाहीतरी तिला त्याच कामाला ठेवलीय. पण फ्लोरिसला मी या थंडीत बाहेर काढणार नाही. मूल काय, कुठलंही चालेल."

हिल्ले त्यांच्यामागं दारात उभी होती. सव्वीस वर्षांची. नवरा बोटीवर. स्वतःचं मूल महिन्याचं असताना वस्तीत बहिणीपाशी टाकून ती त्या घरी फ्लोरिसला पाजायला राहिली होती, आणि तिचा वाउटर गाईच्या दुधावर आणि पावाच्या पातळ पेजेवर दिवस काढत होता. बाईसाहेब पायऱ्या उतरल्या तशी ती मागं वळून मला म्हणाली, "मग माझाच आणू का हो बाई? माझाही एवढाच आहे. महिन्यानं मोठा."

मला काय, मूल हवं होतं. म्हटलं, आण.

तीन दुपारी ती वाउटरला घेऊन आली. पहिल्या दुपारी त्यानं छातीकडे तोंडच फिरवलं. सात महिन्यांत त्याची सवय गेली होती. तो रडला, ती घामाघूम झाली, मला म्हणाली, "लाजतोय मेला, दुसरं काही नाही." दुसऱ्या दुपारी तो प्यायला. तिसऱ्या दुपारी पिता पिता त्यानं तिचं बोट मुठीत धरलं आणि वर बघत राहिला. ते मी काढलं. हातून एवढं खरं काम मी पुन्हा कधी केलं नाही.

मी म्हटलं, "झालं."

ती म्हणाली, "अजून उजेड आहे की, बाई."

झालं होतं खरं तर. मी आणखी अर्धा तास कोरडा कुंचला फळीवर फिरवत बसले. जन्मभर करुणामाता काढल्या, पण माझ्या हातून करुणा म्हणावी अशी घडली ती तेवढीच, अर्धा तास.

फळीवर आईच्या गळ्यापर्यंतच चित्र आहे. वर रिकामं. तिथं बाईसाहेबांचा चेहरा यायचा होता, म्हणून काढलाच नाही. आणि खरं सांगायचं तर त्या तीन दुपारी मी हिल्लेच्या तोंडाकडे एकदाही धड पाहिलं नाही. ते कामाचं नव्हतं.

फळीवरून ते मूल मी मोठ्या चित्रात उतरवलं. मग फेब्रुवारीत एके सकाळी दारावर हेरिंग विकणारी आली आणि म्हणाली, "कळलं का? रोएनब्रूकांच्या घरात बाळ गेलं म्हणे. स्वयंपाकघरातून असा हंबरडा ऐकला, माझ्या हातची टोपली पडली."

त्या घरात बाळ एकच, असं आम्ही दोघांनी धरून टाकलं. हिल्लेलाही बाळ आहे हे मला ठाऊक होतं. त्याला मी या मांडीवर घेतलं होतं. तरी ते मी मोजलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती असं कोणी विचारलं तर ती ही.

मी गोव्हर्टना म्हटलं, "एकदा जाऊन विचारून यावं का?"

"वेडी आहेस का? पोर गेलेल्या घरी जाऊन, गेलं का हो, म्हणून विचारणार? आपल्या धंद्यात विचारत नसतात. गुपचूप पंख घालायचे. आई येते, बघते, रडते, आणि न सांगता समजून घेतलं म्हणून जन्मभर आपलं नाव काढते."

हीच रीत होती, आमचीच नव्हे, सगळ्यांची. खिडकीत बदकाचा एक मोठा पंख टांगलेला असे, तो पुढ्यात घेऊन मी दोन दिवसांत वाउटरच्या पाठीला पंख लावले. शिशाचा सफेदा, थोडी राखाडी छटा, कडेला किंचित निळं. उत्तम झाले होते.

आठवड्यानं बाईसाहेबांची गाडी आली. अंगावर काळे कपडे नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं, पण तोवर गोव्हर्टनी दुःखी चेहरा करून, खाली वाकून, चित्रावरचं कापड ओढलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाईसाहेबांनी पाहिलं आणि किंचाळल्या. "हे काय आहे? कोणी सांगितलं तुम्हाला? माझं लेकरू जिवंत आहे! खाली गाडीत आहे! काढा ते, आत्ताच्या आत्ता काढा!"

खरंच, खाली फ्लोरिस भुकेनं टाहो फोडत होता. त्याला घेऊन हिल्ले वर आली, बाईसाहेब कुठं बसून पाजू म्हणतात ते विचारायला. तिचं लक्ष चित्राकडे गेलं. गोव्हर्ट माफ्या मागत होते, फ्लोरिस रडत होता, आणि ही त्याला थोपटत चित्रापाशी जाऊन उभी राहिली.

"बाई," ती मला म्हणाली, "बरोबर काढलंत तुम्ही."

"काय बरोबर?" बाईसाहेब ओरडल्या.

"हा माझा आहे, बाईसाहेब. माझा वाउटर. मागच्या मंगळवारी गेला."

बाईसाहेब गोव्हर्टच्या खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. मला नंतर कळलं की हिल्लेला दफनालाही जाऊ दिलं नव्हतं. वस्तीला जाऊन येईतो फ्लोरिसच्या दुधाची वेळ टळली असती. वाउटर तिनं शेवटचा पाहिला तो माझ्या चित्रशाळेत, तिसऱ्या दुपारी.

पाणी पिऊन बाईसाहेब म्हणाल्या, "चेहरा राहू द्या. कोणाला कळतंय. पंख घालवा."

"राहू द्या ना पंख," हिल्ले म्हणाली. "वाटलं तर पाठीमागं लहानसे ठेवा. मी कोणाला सांगणार नाही."

"हिल्ले, तो फ्लोरिस आहे. माझ्या मांडीवर आहे. माझ्या मांडीवरच्या मुलाला पंख नकोत."

एका आईचं म्हणणं खरं होतं आणि दुसरीचंही खरं होतं. पण झगा एकीचा होता, तेव्हा पंख गेले. मी वरून लाल शाल रंगवली.

आता कबुली. रंगाच्या तबकडीवर त्या दिवशी दोन लाल रंग होते. एक हिंगूळ, जो शंभर वर्षं हलत नाही. दुसरा मंजिष्ठेचा पातळ लाल, जो उजेडात उडतो. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. गोव्हर्ट म्हणाले, "हिंगूळ घे." मी हो म्हटलं आणि मंजिष्ठा घेतली. वीस-तीस वर्षांनी शाल फिकी पडेल आणि पंख वर येतील हे मला पक्कं माहीत होतं. मी ते त्याचसाठी केलं. हा गुन्हा असेल तर माझा आहे, गोव्हर्टचा नाही, आणि मला त्याचा काडीइतका पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो दुसऱ्याचा. त्याच वसंतात हिल्ले आली आणि म्हणाली, "बाई, ती छोटी फळी मला द्याल?" गोव्हर्ट म्हणाले, "चित्रशाळेतली वस्तू बाहेर जात नाही." मी मान खाली घालून रंग वाटत राहिले. गोव्हर्ट गेले त्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा अडवायला कोणी नव्हतं, आणि तरी मी तेच वाक्य तिला माझ्या तोंडानं ऐकवलं. का, तर त्या चेहऱ्याला मागणी होती. वाउटरला मी गव्हाणीतला बाळ येशू केलं, कामदेव केलं, लोकांच्या गेलेल्या मुलांच्या जागी ढगात बसवलं. त्या पोराला आईचं दूध धड मिळालं नाही, आणि त्यानं आम्हाला वीस वर्षं पाव खाऊ घातला.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. फक्त दर फेब्रुवारीत, सुके मासे विकायला शहरात आली की येते. पायातले लाकडी जोडे खाली काढते, वर येते, म्हणते, "बघू का जरा?" मी बिअर देते. ती उभ्यानं बघते, पेला रिकामा करते आणि जाते. तेहतीस वर्षं मी दाखवलं, दिलं नाही.

सबब फळी तिला द्यावी. योरिसनं स्वतः चालत नेऊन द्यावी, नोकराकरवी नव्हे, आणि देताना टोपी काढावी.

कलम सहावे. चित्रशाळेतील बदकाचा जुना पंख श्री. फ्लोरिस फान रोएनब्रूक यांस द्यावा.

साहेब, त्या चित्रात तुम्ही नाही. तुमची मोठी बहीण आहे, तुमची गेलेली भावंडं आहेत, तुमच्या आईचा चेहरा आहे आणि माझी बाहुली आहे. तुम्ही तेव्हा खाली गाडीत रडत होता, आणि ते फार चांगलं झालं. रडणारी पोरं जगतात. तुम्ही ज्या दुधावर वाढलात ते कोणाच्या वाट्याचं होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. तुमच्याकडून कोणी काही मागत नाही. एवढंच करा, ते पंख येताहेत तर येऊ द्या. धाकट्या बाईसाहेबांना म्हणावं, घाबरू नका, तो अपशकुन नाही. ते दुसऱ्याचं लेकरू आहे, इतकी वर्षं तुमच्या घरी तुमचं नाव लावून मुकाट बसलेलं.

इथं मृत्युपत्र पुरं होत होतं. साक्षीदार चार वाजता यायचे होते. तीन वाजता जिन्याखाली लाकडी जोडे वाजले.

पुरवणी, त्याच दिवशीची.

हिल्ले वर आली, जाड शालीखाली सुके मासे. "बघू का जरा?"

मी म्हटलं, "आधी बस. तुला काहीतरी वाचून दाखवायचंय." आणि मोठ्या तोऱ्यात कलम पाच वाचलं. वाटलं, आता रडेल, माझे हात धरेल.

ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, "चांगलं लिहिलंय. म्हणजे आता तुम्ही मरायची वाट बघायची म्हणा की."

"तसं नव्हे गं…"

"मग कसं? मी तुमच्याहून नऊच वर्षांनी लहान आहे हो बाई. त्यात माझा खोकला असा. आधी मीच गेले तर? मग तुमचा पुतण्या टोपी काढून कोणापुढं उभा राहणार, माझ्या जाळ्यांपुढं?"

अडुसष्ट वर्षांच्या बाईला लाज वाटते तेव्हा ती कानापर्यंत चढते. मी कागद खाली ठेवला, खुर्चीवर चढले, गुडघ्यांना काय म्हणायचं ते म्हणू दिलं, आणि फळी खिळ्यावरून काढली.

तिनं ती घेतली नाही. हात शालीला पुसत राहिली. "खरंच?"

"खरंच. थांब, वरची जागा रिकामी आहे. तिथं तुझं तोंड काढते. दोन दिवस बस माझ्यापुढं."

"आताचं हे तोंड?" ती हसायला लागली. "नको गं बाई. घाबरेल तो."

मग मला सांगावं लागलं की तेव्हाचं तोंड मला काढता येत नाही, कारण मी ते पाहिलंच नव्हतं. ती फळीवर वाकून बघू लागली. म्हणाली, "असू दे. त्यानं पाहिलंय."

मी पिवळा रंग वाटला. घरंदाज मुलांच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात नाव आणि वय लिहितात, तसंच, त्याच अक्षरात लिहिलं: वाउटर, हिल्लेचा मुलगा, वय आठ महिने.

"आठवडाभर बोट लावू नकोस," मी म्हटलं, "ओलं आहे."

"मला कुठं वाचता येतं? नाव कुठलं ते दाखवा, म्हणजे तिथं लावणार नाही."

मी दाखवलं. तिनं बोट त्या अक्षरांखाली हवेतच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मग फळी रंगाची बाजू बाहेर करून छातीशी धरली आणि जिना उतरली. साक्षीला आलेला चौकटवाला सिमॉन खाली दार धरून उभा होता. त्यानं टोपी काढली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

खिळ्याखाली भिंतीवर फळीएवढी पांढरी जागा राहिली आहे. तिथं योरिसनं काही टांगू नये.

कलम चारची अट कायम आहे. कलम पाच मात्र मी या ठिकाणी रद्द करीत आहे, कारण जी वस्तू घरात नाही ती मागे ठेवता येत नाही. नोटरी म्हणतील, रद्द केलेलं कलम पूर्ण काळं करावं. मी केलेलं नाही. वरून एकच पातळ रेघ मारली आहे, खालचं सगळं वाचता येईल अशी.

हेग मुक्कामी, माझ्या राहत्या घरी, उजेड आहे तोवर, दिनांक १७ फेब्रुवारी १६८४.

लिहून ठेवणार: माख्टेल्ड देर्क्स (ही सही माझी, चित्रांखालची कधीच नव्हती)

आमच्यासमक्ष सही झाली, बाई शुद्धीवर होत्या व आमच्याशी भांडल्या:
सिमॉन फ्रोम, चौकटी करणारा
एव्हर्ट लूस, शेजारचा पाववाला

मोहोरबंद स्वीकारले: लाम्बर्ट, नोटरी